‘पांढरा देऊ का साधा?’

प्रति,
दुचाकीच्या सुट्या भागांचे सर्व दुकानदार आणि गॅरेजमधले सर्व फिटर

विषय : दुचाकीचा बल्ब देताना आणि बसवताना घ्यायच्या काळजीबाबत



तुमच्या काउंटरवर हेडलाइटचा बल्ब मागणाऱ्या माणसाला साधारण दोन प्रश्न विचारले जातात. ‘कुठली गाडी?’ हा पहिला आणि ‘पांढरा देऊ का साधा?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे, म्हणून हे पत्र. पहिला प्रश्न अपुरा आहे. दुसरा विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कागलच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. दुसरी पाळी सुटली की मोटारसायकलवरून मुरगूडच्या बाजूला घरी जातो. दिव्याचे खांब गावापुरते, मध्ये सगळा अंधार, आणि गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडाच, रिफ्लेक्टरची पट्टीही नसते. अशा रस्त्यावर स्वतःचा उजेड पुरेसा लागतो, आणि समोरच्याचा उजेड डोळ्यांत न येणं तितकंच गरजेचं असतं. समोरच्या मोटारसायकलीचा पांढराफेक झोत डोळ्यांत शिरला की पुढचे काही क्षण रस्ता नाहीसा होतो. नेमकी तेव्हाच पुढे ट्रॉली उभी असेल, तर ब्रेक दाबायचा कशासाठी हेच माणसाला दिसलेलं नसतं. हंगामात या भागात रात्रपाळी करणारं कुणीही हेच सांगेल.

तुमच्याविषयी मनात आकस नाही. बंद पडलेल्या मॉडेलची क्लच केबल कुठल्या खोक्यात आहे, हे तुम्हाला वही न बघता ठाऊक असतं. शटर अर्धं ओढलेलं असताना थांबून फ्यूज काढून देणारे दुकानदार मला माहीत आहेत, आणि ‘पैसे उद्या द्या, आधी घरी पोचा’ म्हणणारेही. प्लग, चेन, ब्रेक शू यांत तुमच्याकडून सहसा चुकीचा माल जात नाही. चुकला तर तो बसतच नाही, किंवा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं. बल्बाचं तसं नाही. चुकीचा बल्ब बसतो, पेटतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्रास होतो तो समोरून येणाऱ्याला, आणि तो काही तक्रार घेऊन तुमच्या दुकानात येत नाही. तो माणूस मी आहे, म्हणून लिहितोय.

आधी ‘कुठली गाडी?’ याविषयी. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळे दिवे असतात. साध्या स्प्लेंडर प्लसला हॅलोजन आहे, तर तिच्याच एक्सटेक २.० ला एलईडी. सेकंडहँड गाडीत तर आधीच्या मालकाने डूम (काच आणि परावर्तकासह हेडलाइटचा संच) बदललाय, होल्डर बदललाय की वायरिंगच बदललंय, हे आताच्या मालकालाही ठाऊक नसतं. म्हणून गाडीच्या नावावर न जाता जुना बल्ब मागून घ्या. त्याच्या धातूच्या बुडावर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. कुठे ‘एचएस१, १२ व्होल्ट, ३५/३५ वॅट’, तर कुठे ‘एच४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट’. उडालेल्या बल्बावरही ही अक्षरं शाबूत असतात. आणि जुना बल्बच कुणी चुकीचा बसवला असेल अशी शंका आली, तर गाडीचं ओनर्स मॅन्युअल बघा. बल्बांची यादी त्यात असते. ते घरी नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर उतरवून घेता येतं.

हॅलोजनच्या बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या गाड्या, स्प्लेंडर, शाइन वगैरे, ३५/३५ वॅटच्या. हॅलोजनवाल्या क्लासिक ३५० ला ६०/५५ चा एच४, जो कितीतरी चारचाकींतही असतो. हे दोन बल्ब दिसायला इतके सारखे की लांबून फरक कळत नाही. दोघांनाही तीन पात्यांची चकती, मागे तीन पिना, आत दोन तारा. चकतीच्या पात्यांत थोडा फरक ठेवलाय तो मुद्दाम, एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून. तिथे कानस चालवून किंवा दाबून एच४ बसवला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

तो का बसवला जातो, हेही समजण्यासारखं आहे. मानकाप्रमाणे १३.२ व्होल्टवर एच४ चा प्रकाश अप्परला १,६५० ल्यूमेन आणि डिपरला १,००० ल्यूमेन धरतात. एचएस१ चा अनुक्रमे ८२५ आणि ५२५. म्हणजे जवळपास निम्मा. हे कळल्यावर कुणालाही वाटेल की एच४ घातला की उजेड दुप्पट. पण गाडीत तसं होत नाही. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर ओढतो, ६० वॅटचा ५ अँपिअर. कंपनीने वायरची जाडी, हँडलवरच्या स्विचचे पॉइंट आणि होल्डर हे सगळं ३ अँपिअरच्या हिशेबाने दिलेलं असतं. त्यात जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलवर चालतो. रेस वाढवली की उजेड वाढतो आणि सिग्नलला थांबलं की मंद होतो, त्या याच गाड्या. कॉइलची ताकदच ठरलेली. तिच्यावर ६० वॅटचा भार टाकला की व्होल्टेज बसतं, आणि कमी वेगात दिवा पहिल्यापेक्षाही तांबूस, मरगळलेला दिसतो. गिऱ्हाईकाने पैसे उजेडासाठी मोजले आणि हाती आला तो अंधारच.

आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने हट्टाने १००/९० वॅटचा बल्ब बसवून घेतला होता. म्हणजे ८ अँपिअरच्या वर. दिवा बंद-चालू होतोय म्हणून त्याने गाडी माझ्याकडे आणली. होल्डर काढला तर पांढरं प्लास्टिक मधोमध तपकिरी पडलेलं, एका पिनेभोवती वितळून तिलाच चिकटलेलं, आणि त्या पिनेच्या वायरचं आवरण इंचभर कडक होऊन नुसत्या नखाने भुगा होत होतं. डूमच्या आतला चंदेरी मुलामाही बल्बाच्या वरच्या बाजूला धुरकट झालेला. एका बल्बापायी होल्डर, वायर आणि डूम असा तिहेरी खर्च त्याला आला. बल्ब विकणाऱ्याने ‘ही गाडी एवढं ओढणार नाही’ एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर तो टळला असता. रिले आणि जाड वायरीचा वेगळा संच टाकून होल्डर-वायर वाचवता येतात, पण डूमचं काय? आणि कॉइलचं काय?

आता ‘पांढरा देऊ का साधा?’ या प्रश्नाकडे येतो. पांढरा म्हणजे एलईडी किंवा निळसर काचेचा हॅलोजन.

जुना एचएस१ बल्ब एकदा उजेडाकडे धरून नीट बघा. आत दोन तारा एकीपुढे एक आहेत. पुढच्या तारेच्या खाली धातूची इवलीशी वाटी आहे. ही पुढची तार डिपरची. तिचा खाली जाणारा प्रकाश ती वाटी अडवते. त्यामुळे डूमच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. मागची तार उघडी, ती अप्परची. तिचा उजेड अख्ख्या डूमवर पडतो आणि लांबवर जातो. बल्बाचं पुढचं टोक रंगवून बंद केलेलं असतं, तारेचा उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हेडलाइटची सगळी करामत या एवढ्याशा रचनेत आहे. तारांची जागा मिलिमीटरच्या अंशांनी ठरवलेली असते आणि डूमचा बाक त्या जागेवरूनच काढलेला असतो.

या जागी जेव्हा बाजारातला एलईडी बल्ब येतो, तेव्हा तारेऐवजी एका चपट्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप असतात. पट्टीला जाडी असते, चिपला रुंदी असते, उजेड गोल न फेकता दोन बाजूंना फेकला जातो. डूमला हा उजेड आवरत नाही. तो वर जातो, बाजूला जातो, झाडांच्या शेंड्यांवर जातो. चालवणाऱ्याला सगळीकडे पांढरंशुभ्र दिसतं आणि त्याला वाटतं की उजेड वाढला. प्रत्यक्षात चाकापुढचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा लख्ख होतो, त्या लख्ख पट्ट्याला डोळे सरावतात आणि त्यापलीकडचा खड्डा उलट उशिरा दिसतो. डिपर मारला तरी समोरच्याच्या डोळ्यांवरचा झोत हटत नाही.

एलईडीला माझा विरोध नाही. कारखान्यातून एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाड्यांचा प्रकाश उत्तम असतो, कारण तिथे चिपच्या जागेप्रमाणे डूम किंवा भिंग घडवलेलं असतं. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था आहे. अशा संस्थांमध्ये दिवा तपासतात तो त्याच्या ठरलेल्या बल्बासकट. २५ मीटरवरच्या पडद्यावर कुठल्या बिंदूला किती उजेड पडायला हवा आणि कुठल्या बिंदूला किती पडता कामा नये, हे मोजलं जातं. तपासणी डूम आणि बल्ब या जोडीची असते. आपण त्यातला एक बदलला की ती तपासणी त्या गाडीपुरती संपली.

कायदाही याबाबत गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ पुढच्या दिव्याच्या झोताबद्दलच आहे. गाडीपुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत कायम खाली वळवलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांची साधारण उंची. पावती फाटते ती गाडीवाल्याच्या नावावर, पण बल्ब निवडून दिलेला असतो दुसऱ्याच कुणीतरी.

शिवाय हा एलईडी बल्ब बसवताना काय होतं ते फिटर मंडळींना चांगलं ठाऊक आहे. त्याच्या मागे पंखा किंवा धातूच्या पात्यांचा जाड गठ्ठा असतो. डूमच्या मागची रबरी टोपी त्यावर बसत नाही. मग ती ब्लेडने कापली जाते किंवा काढून टाकली जाते. आपल्याकडचा पाऊस काय आहे हे मी सांगायला नको. राधानगरीकडच्या एका पावसाळ्यात डूममध्ये पाणी साचतं, मुलामा सुटतो आणि पंख्यात चिखल बसून बल्बही जातो. मॅग्नेट कॉइलवर थेट चालणाऱ्या गाडीत तर तो नीट पेटतच नाही, फडफडतो. निळसर काचेच्या हॅलोजनबद्दल एवढंच सांगतो, की तो निळा रंग उजेड वाढवत नाही, गाळतो. त्याच वॅटच्या साध्या बल्बापेक्षा रस्त्यावर कमी पोचतं आणि निळसर उजेड समोरच्याला जास्त टोचतो.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकच पांढरा मागतं, नाही दिला तर शेजारच्या दुकानात जातं. हे खरं आहे. साध्या बल्बात नफा सुटतो तो थोडा, हेही खरं. पण बहुतेक गिऱ्हाईकं काय मागतात? ‘उजेड कमी पडतोय, काहीतरी करा’, एवढंच. पांढरा हे उत्तर तिथे तुम्ही सुचवलेलं असतं. उजेड कमी पडतोय तर आधी डूमची काच बघा. जुनी काच पिवळी, खरवडलेली असते. आतला मुलामा उडालाय का बघा. होल्डरच्या पिना हिरव्या पडल्यात का, अर्थिंग नीट आहे का बघा, होल्डरवर व्होल्टमीटर लावा. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीला १४ व्होल्ट आणि होल्डरला १२ मिळत असतील, तर दोन व्होल्ट वाटेतच गळताहेत आणि नवा बल्ब ते परत आणणार नाही. नवा डूम आणि त्यात गाडीचाच ठरलेला, चांगल्या कंपनीचा बल्ब, एवढ्याने निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतील याची मला खात्री आहे. आणि डूम विकण्यात तुमचंही नुकसान नाही.

बल्ब सारखे उडत असतील तर ‘माल हलका आहे’ म्हणून महागाचा देऊ नका, रेक्टिफायर तपासायला सांगा. व्होल्टेज नेहमीपेक्षा ५ टक्के जास्त राहिलं तरी हॅलोजनच्या तारेचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. रेस दिल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या पुढे काटा जात असेल, तर दोष बल्बात नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. इंजिन चालू तोवर दिवा चालू. त्यामुळे बल्ब आता दिवसाही झिजतो, आणि चुकीचा बल्ब होल्डरला दिवसभर तापवतो. बसवताना काचेला बोट लावू नका, ही सूचना खोक्यावर असते तरी सांगतो. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर जळतं आणि काच तिथेच कमजोर होते. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसून घ्या.

मागच्या दिव्याकडे आपलं सर्वांचंच दुर्लक्ष असतं, कारण तो चालवणाऱ्याला दिसत नाही. टेललाइटचा दोन तारांचा बल्ब बहुतेक गाड्यांत ५/२१ वॅटचा असतो, काही कमी ताकदीच्या जुन्या गाड्यांत ५/१० चा. ५ ची तार रात्रभर पेटणारी, मोठी तार ब्रेकची. बुडाच्या दोन बाजूंच्या खुंट्या एका उंचीवर नसतात. बल्ब उलटा बसू नये म्हणूनच ती सोय आहे. तरीही जोर लावून, खुंटी दाबून उलटा बसवलेले बल्ब मी पाहिलेत. अशा गाडीचा मागचा दिवा कायम ब्रेक दाबल्यासारखा लालभडक असतो, आणि खरोखर ब्रेक दाबला की जेमतेम फरक पडतो. मागून येणाऱ्याला कळायचं कसं? पाच वॅटची तार गेली पण ब्रेकची चालते, तर ‘चालतोय की’ म्हणून तसंच सोडून दिलेलंही दिसतं. ती गाडी अंधारात, ब्रेक न दाबता, पूर्ण अदृश्य असते. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर त्याच्या उजेडात लाल भाग मुळात कमी, त्यामुळे बाहेर कमीच येतं. लुकलुकणारे ब्रेकलाइट तर कृपा करून विकूच नका.

इंडिकेटरचं थोडक्यात. काच नारिंगी असेल तर बल्ब पांढऱ्या काचेचा, काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी, आणि नारिंगी बल्बाच्या खुंट्या बऱ्याचदा समोरासमोर नसून तिरक्या असतात. साधारण १० वॅटच्या बल्बाच्या भारावर फ्लॅशर चालतो. एका बाजूला दुसऱ्या वॅटचा किंवा एलईडी बसवला की टिकटिक भरभर होते किंवा थांबते. मग फ्लॅशरच खराब म्हणून तो बदलला जातो. तसं करू नका.

आता विनंत्या. बिलावर नुसतं ‘बल्ब १’ न लिहिता ‘एचएस१ ३५/३५’ असं पूर्ण लिहा, म्हणजे पुढच्या वेळी गिऱ्हाईक स्वतःच तेवढं सांगेल. एच४ आणि एचएस१ वेगळ्या खणांत ठेवा, आणि पोराला काउंटरवर बसवाल त्या दिवशी हा फरक पहिला शिकवा. ठरलेल्या बल्बाऐवजी कुणी एलईडीच मागितला, तर ‘समोरच्याच्या डोळ्यांत जाईल’ हे एकदा तोंडाने सांगा. ऐकणं न ऐकणं त्याच्यावर. पण न सांगणं तुमच्या हातून होऊ नये.

फिटर मंडळींना आणखी एक विनंती. बल्ब बसवल्यावर हेडलाइटचा फोकस बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. गॅरेजच्या भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी चुन्याची रेघ मारून ठेवा. गाडी त्या रेघेवर आणा, ती स्टँडवर न लावता मालकाला सीटवर बसवा. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीला खूण करा आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ ते ८ सेंटिमीटर खाली येईपर्यंत डूमचा स्क्रू फिरवा. दूधवाल्यांच्या गाड्या बघताना हे जास्त काळजीने करा. मागे दोन्ही अंगांना भरलेल्या किटल्या लटकल्या की गाडीचं बूड दबतं आणि पुढचा झोत वर उठतो. पहाटे चारला दूध घालायला निघालेला माणूस अख्ख्या रस्त्याला अप्परवर असल्यासारखा दिसतो, आणि त्याला स्वतःला ते ठाऊकही नसतं. त्याची गाडी किटल्या भरलेल्या असतानाच रेघेवर उभी करून घ्या, आणि मागच्या शॉकअप्सचा ताणही एक खाच वाढवता येतो का ते बघा.

हंगाम सुरू व्हायच्या आधी निदान आपल्या गावातल्या चार गॅरेजांत अशी रेघ मारलेली मला बघायची आहे. तुमच्यापैकी कुणाला व्होल्टमीटर लावून वायरिंग तपासायला हात हवा असेल, तर सुटीच्या दिवशी मी येईन. त्याचे पैसे घेणार नाही.



आपला,
तुमचंच एक गिऱ्हाईक
मुरगूड परिसर, जि. कोल्हापूर